दाढीनंतर चेहरा भगभगू नये म्हणून

दाढी केल्यावर गळ्यावर लाली येते, पाणी लागलं की चुरचुरतं, दुसऱ्या दिवशी कॉलर घासते तिथे बारीक पुटकुळ्या उठतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "तुझी कातडीच नाजूक आहे." नव्याने दाढी करू लागलेल्या मुलांना हे हमखास ऐकावं लागतं, आणि ते खरं मानून ती आग रोजचीच म्हणून सोसली जाते. मला हे पटत नाही. काहींची त्वचा खरंच नाजूक असते, पण बहुतेकांचा त्रास दोन गोष्टींतून येतो: केस पुरते भिजायच्या आत ब्लेड लावणं, आणि हात फिरवला की गाल पार गुळगुळीत लागला पाहिजे हा हट्ट. चेहरा स्वच्छ दिसला की दाढी झाली, एवढं मनाशी ठरवलंत तर पुढची सगळी कृती सोपी आहे. ब्लेडने केस कापायचा असतो, कातडी खरवडायची नसते.

एक गैरसमज इथेच बाजूला ठेवू. ओठावर नुकती लव आली आहे, दाढी दाट यावी म्हणून आठवड्यातून चार-पाच वेळा रेझर फिरवणारे पुष्कळ जण असतात. दाढी केल्याने केस दाट किंवा जाड होत नाहीत. अमेरिकेत शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच मोजमापं घेऊन हे दाखवून दिलं होतं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकंच. ज्या गालावर कापण्याजोगा केसच नाही, तिथे ब्लेड फक्त कातडी तासतं. लव असेल तर आठवड्यातून एकदा, तीही वाटलं तरच काढा.

आधी ओळखा, त्रास कोणता आहे

सगळ्या पुळ्या सारख्या नसतात आणि एकाच मलमाने सगळ्या जातही नाहीत. म्हणून आरशासमोर उजेडात उभं राहून नीट पाहा.

दाढी झाल्यावर काही मिनिटांतच आग सुरू झाली, कातडी सरसकट लाल झाली, कोरडी ओढल्यासारखी वाटली, तर ती ब्लेडची आग. त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा पातळ थर पाणी आत धरून ठेवतो आणि बाहेरच्या गोष्टींना अडवतो. ब्लेड केसांबरोबर तो थरही थोडा काढतं. जोर जास्त लागला की जास्त निघतो. ही आग काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत आपोआप बसते.

एक-दोन दिवसांनी गळ्यावर, जबड्याच्या कडेखाली टणक, खाजरे, कधी दुखरे उंचवटे आले, आणि नीट पाहिल्यावर त्यात वाकलेला काळा केस दिसला, तर तो केस आत वळला आहे. हे दोन प्रकारे होतं. कुरळा किंवा आडवा वाढणारा केस बाहेर येऊन वळतो आणि टोकाने पुन्हा कातडीत शिरतो. किंवा तो इतका खोल कापला जातो की त्याचं टोक कातडीच्या पातळीखाली जातं आणि वाढताना बाहेरची वाट धरण्याऐवजी आतल्या आतच टोचतं. शरीराच्या लेखी तो बाहेरून घुसलेला काटाच, म्हणून सूज येते. डोक्याचे केस सरळ असणाऱ्यांनाही गळ्यावर हा त्रास होतो, कारण तिथे केस आडवे आणि भोवऱ्यात वाढतात. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर अशी सूज गेल्यानंतर काळपट डाग मागे राहतो आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. गळ्याची कातडी काळवंडली अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांच्या मुळाशी हेच असतं.

केसाच्या मुळाशी पिवळसर टोकाची पुळी, दाबल्यास दुखणारी, आणि मधोमध केस, असं दिसलं तर जंतुसंसर्ग झाला आहे. तो खोल गेला की केसतूड होतं. चौथा प्रकार ॲलर्जीचा. जिथे ब्लेड लागलंच नाही पण फेस किंवा आफ्टरशेव्ह लागलं, म्हणजे कानाजवळ किंवा डोळ्याखाली, तिथेही खाज आणि बारीक पुरळ असेल तर दोष ब्लेडचा नाही. सुवासाचे पदार्थ हे त्याचं नेहमीचं कारण.

केसांची दिशा बोटांनी वाचा

कृतीची खरी सुरुवात इथे होते आणि नेमकी हीच पायरी कुणी शिकवत नाही. दोन-तीन दिवस दाढी वाढू द्या. मग बोटांची टोकं गालावरून खाली, वर, कानाकडे, हनुवटीकडे अशी फिरवा. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो ती सुलट, जिथे खुंट टोचतात ती उलट. गालावर ती बहुधा वरून खाली असते. गळ्यावर मात्र कुणाचे केस खालून वर, कुणाचे कानाकडे, कुणाचा कंठाच्या बाजूला चक्क भोवरा. डावी आणि उजवी बाजू सारखी असेलच असं नाही.

हे एका कागदावर चेहऱ्याचं रेखाचित्र काढून बाणांनी दाखवा, किंवा फोनवर फोटो काढून त्यावर खुणा करा. जरा जास्त वाटेल, पण एकदाच करायचं आहे. सगळीकडे वरून खाली ब्लेड ओढण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्यापैकी अनेकांची गळ्यावरची दाढी नकळत उलटीच होत असते, आणि तिथेच पुळ्या येतात.

भिजवणं

कोरडा केस राठ असतो. पाणी शोषलं की तो फुगतो, मऊ होतो, आणि कापायला खूपच कमी जोर लागतो. त्याला दोन ते तीन मिनिटं पाणी मिळायला हवं. तोंडावर दोन ओंजळी मारून लगेच क्रीम लावलं तर ते पाणी चेहऱ्यावरचा तेलकटपणा पुसण्यातच जातं.

म्हणून सर्वात चांगली वेळ आंघोळीनंतरची. पण आपल्याकडे दाढी आधी आणि आंघोळ नंतर, हा पुष्कळ घरांतला रिवाज आहे. हजामत झाली की आंघोळ करायचीच, आणि तो मोडायची गरज नाही. चेहरा साध्या फेसवॉशने किंवा सौम्य साबणाने धुवा, म्हणजे तेल आणि घाम निघेल. छोटा टॉवेल कोमट पाण्यात भिजवून, हलका पिळून, गाल आणि गळ्यावर दोन मिनिटं धरून ठेवा. गार झाला तर एकदा पुन्हा भिजवा. पाणी कोमटच हवं. गीझरचं वाफाळतं पाणी त्वचेतलं तेल काढून घेतं आणि आधीच लाल झालेली कातडी आणखी लाल करतं.

बोअरच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे आणि पुण्याभोवतीच्या अनेक नव्या सोसायट्यांत जड पाणी येतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबण फाटतो, फेस धरत नाही आणि चेहऱ्यावर चिकट थर बसतो. तुमचा फेस अर्ध्या मिनिटात बसत असेल तर क्रीम बदलण्याआधी पाणी बदलून पाहा. फेसाला आणि शेवटच्या धुण्याला मिळून एखादा तांब्या पाणी पुरतं. तेवढं आरओ फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं घेतलं तर फरक लगेच कळतो.

फेस

फेसाचं काम केसातलं पाणी धरून ठेवणं आणि ब्लेड व कातडी यांच्यामध्ये घसरता थर देणं. अंगाचा साबण हे काम करत नाही. त्याचा फेस हलका, लवकर सुकणारा, आणि मागे कोरडेपणा ठेवणारा. दाढीचं साधं क्रीम किंवा दाढीचा गोल साबण, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारा, पुरेसा आहे. महाग घ्यायची गरज नाही. त्वचा चिडकी असेल तर सुगंध नसलेलं घ्या, आणि मेंथॉलवालं टाळा. त्याचा थंडावा छान वाटतो, पण त्यामुळे आग होत असली तरी कळत नाही.

ब्रश पाण्यात भिजवा, एकदा झटका, शेंगदाण्याएवढं क्रीम घ्या आणि चेहऱ्यावर गोल गोल फिरवा. मधून मधून ब्रशचं टोक पाण्यात बुडवत राहा. नवशिक्यांचा फेस बहुतेक वेळा दिसायला भरपूर आणि आतून कोरडा असतो, पांढरा शुभ्र, फुगलेला, टोकं उभी राहणारा. दह्यासारखा ओलसर, चकाकणारा फेस हवा. बोटांमध्ये चोळल्यावर बोटं सहज घसरली पाहिजेत. ब्रशने केस उभे राहतात आणि मधला मळही निघतो. पण गळ्यावर पुळ्या असतील तेव्हा ब्रश बाजूला ठेवून बोटांनीच हळू लावा. लावल्यावर एक मिनिट थांबा.

रेझर कोणता

दुकानात एक पातं ते पाच पाती अशी रांग असते आणि जास्त पाती म्हणजे जास्त चांगलं असं वाटतं. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये ज्याचं पेटंट मिळालं तो सेफ्टी रेझर एका दुधारी ब्लेडचा होता. दोन पात्यांची कार्ट्रिज, म्हणजे पाती आत पक्की बसवलेलं बदलायचं डोकं, १९७१ मध्ये आली, आणि त्यानंतर पाती वाढतच गेली. अनेक पात्यांत पहिलं पातं केसाला अडकून त्याला किंचित बाहेर ओढतं, आणि तो परत आत जायच्या आत दुसरं पातं त्याला कापतं. म्हणून तो कातडीच्या पातळीखाली जातो. एका दिवसासाठी गाल फार गुळगुळीत लागतो. ज्यांचे केस आत वळतात त्यांच्यासाठी मात्र हीच अडचणीची गोष्ट आहे. शिवाय पाच पाती एकदा फिरली म्हणजे कातडीवरून पाच वेळा धार गेली.

माझा सल्ला असा. अगदी नवीन असाल आणि हात बसलेला नसेल, तर साधी एक किंवा दोन पात्यांची कार्ट्रिज घ्या. कोनाची काळजी तीच घेते. हात बसला की दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरकडे जा. रेझरवर एकदा खर्च होतो, पुढे ब्लेड काही रुपयांत मिळतात. त्यामुळे ब्लेड वेळेवर बदलायला जीव कचरत नाही, आणि मला त्याचा सर्वात मोठा फायदा हाच वाटतो. उघडा वस्तरा घरी शिकायच्या नादी सुरुवातीला लागू नका.

ब्लेड फिरवताना

सेफ्टी रेझर धरताना त्याचं डोकं आधी गालाला टेकवा आणि मूठ हळूहळू खाली आणा. सुमारे ३० अंशांच्या कोनात ब्लेड केसाला भिडतं आणि कापल्याचा बारीक खरखर आवाज येतो. तो आवाज कानाने ओळखायला शिका. कोन चुकला की आवाज बंद होतो आणि हात आपोआप दाब वाढवतो. दाब द्यायचाच नाही. रेझरच्या वजनाने जेवढं कापलं जाईल तेवढं पुरे. मूठ टोकाकडून दोन बोटं आणि अंगठ्यात सैल धरली की दाब देणंच अवघड होतं. तळहाताने घट्ट धरणाऱ्याचा जोर नकळत पडतो.

ओढ दोन-तीन सेंटिमीटरची, छोटी. दोन-तीन ओढींनंतर ब्लेड पाण्यात खळबळून घ्या. पात्यांत केस आणि फेस अडकला की ते कापत नाही, ओढतं. आधी गाल, मग गळा, आणि मिशी व हनुवटी शेवटी. तिथले केस सर्वात जाड, त्यांना भिजायला तेवढा वेळ जास्त मिळतो.

कातडी ताणावी की नाही, यावर दोन्ही सल्ले मिळतात, आणि दोन्हींना अर्थ आहे. जबड्याच्या कडेला आणि कंठाजवळ कातडी सैल असते, तिथे ती इतपतच धरा की वळी पडून कापणार नाही. जोराने ताणली तर खुंट वर येतात, खोल कापले जातात आणि कातडी सोडल्यावर आत जातात. ज्यांना पुळ्यांचा त्रास आहे त्यांनी ताणू नये.

पहिला हात पूर्ण सुलट दिशेने. तो झाल्यावर आरशात पाहा. बाहेर जायला दाढी ठीक दिसते का? दिसत असेल तर थांबा. पहिले काही आठवडे इथेच थांबायचं. दुसरा हात हवाच असेल तर पुन्हा फेस लावा आणि ब्लेड आडवं, म्हणजे केसांच्या दिशेला काटकोनात फिरवा. उलटा हात गालावर एखाद्याला चालून जातो. गळ्यावर मात्र जवळजवळ कुणालाच चालत नाही. राहिलेले चार केस दिसले म्हणून फेस नसलेल्या कातडीवर पुन्हा पुन्हा रेझर ओढणं, ही आगीची सगळ्यात ठरलेली वाट आहे. ते चार केस राहू द्यात. उद्या निघतील.

ब्लेड किती दिवस

केस मऊ आणि ब्लेड पोलादाचं, तरी धार जाते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली याचं कारण दाखवलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, पण वाकलेल्या केसाला धार विशिष्ट कोनात भिडली की कडेचे बारीक कपचे उडतात. अशी खाचा पडलेली धार डोळ्यांना दिसत नाही, कातडीला मात्र कळते.

दुधारी ब्लेड तीन ते पाच दाढ्या, कार्ट्रिज पाच ते सात, हा साधारण हिशोब. तुमचे केस जाड असतील तर त्याहून कमी. केस ओढल्यासारखे वाटले की मोजत बसू नका, बदला. वापरल्यावर ब्लेड नळाखाली धुऊन, झटकून, हवेशीर जागी उभं ठेवा. टॉवेलने पुसल्यास धार बिघडते आणि बोटही कापतं. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात बाथरूम दिवसभर ओलं असतं, तिथे रेझर बाथरूमबाहेर ठेवलेला बरा. जुनं ब्लेड कचऱ्यात सुटं टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. औषधाच्या रिकाम्या डबीत साठवून, डबी बंद करून, वर लिहून द्या.

रेझर कुणाशीही वाटून घेऊ नका, सख्ख्या भावाशीही, होस्टेलच्या खोलीतल्या मित्राशीही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तात, सात दिवस तरी तग धरतो. सलूनमध्ये वस्तऱ्यात अर्ध ब्लेड घालतात, ते तुमच्यासमोर नवीन फोडून घातलं जातंय ना हे पाहा, आणि न लाजता विचारा. चांगले कारागीर स्वतःच दाखवतात. "दादा, एकच हात मारा, उलटी नको," एवढं खुर्चीत बसतानाच सांगितलं की पुढचा त्रास वाचतो.

दाढी झाल्यावर

गार पाण्याने फेस पूर्ण धुवा. कानामागे आणि जबड्याखाली तो राहतो. मऊ, स्वच्छ टॉवेलने टिपून घ्या, पुसू नका.

तुरटीवर माझा विश्वास आहे, पण ती वापरायची रीत आहे. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा हा क्षार कातडी आकसून बारीक रक्त थांबवतो आणि जंतूंनाही काही प्रमाणात आवरतो. ओला खडा ओल्या चेहऱ्यावर एकदा हलका फिरवा, अर्धा-एक मिनिट थांबा आणि धुऊन टाका. तशीच ठेवली तर कातडी कोरडी पडते. तुरटी कुठे झोंबते याकडे लक्ष द्या, कारण तिथे तुमचा दाब जास्त पडला आहे. खडा स्वतःचा हवा. सलूनमध्ये दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला खडा नको म्हणा.

दारूचा अंश असलेलं आफ्टरशेव्ह झोंबलं म्हणजे काम झालं, अशी आपली समजूत असते. ते कातडी आणखी सुकवतं. त्याऐवजी सुगंधरहित साधं मॉइश्चरायझर, त्वचा किंचित ओलसर असतानाच लावा. खोबरेल तेलाचे दोन थेंब कोरड्या त्वचेला चालतात, पण मुरुमांचा स्वभाव असेल तर टाळा, छिद्रं बुजतात. कोरफड लावायची तर पान कापून आधी पिवळा चीक पूर्ण गळू द्या, तोच चुरचुरतो. लिंबू मुळीच नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर फोड आणि गडद डाग उठू शकतात. टूथपेस्ट आणि पाणी न घातलेलं जंतुनाशक यांनी कातडी भाजते. बाहेर जाणार असाल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा, उन्हाने पुळ्यांचे डाग गडद होतात.

आधीच त्रास झाला असेल तर

नुसती आग असेल तर दोन-तीन दिवस दाढी बंद. स्वच्छ फडकं गार पाण्यात बुडवून दहा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावू नका. साधं मॉइश्चरायझर लावत राहा. बस.

केस आत वळले असतील तर धीर लागतो. निदान चार आठवडे ब्लेड बंद. त्या काळात ट्रिमरने एक मिलिमीटरभर खुंट ठेवून दाढी आवरा. पहिला आठवडा दीड आठवडा पुळ्या वाढल्यासारख्या वाटतील, कारण आणखी काही केस आत शिरतात. तिथेच लोक हार मानून पुन्हा ब्लेड उचलतात. थांबा. केस सुमारे एक सेंटिमीटर वाढला की त्याचा ताण त्याला स्वतःच बाहेर काढतो, म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी दाढी वाढवणं सर्वात उत्तम. रोज चेहरा धुताना मऊ ओल्या फडक्याने गोल गोल, अगदी हलक्या हाताने चोळा. वर कमान दिसत असलेला केस स्पिरिटने पुसलेल्या सुईने उचलून मोकळा करायला हरकत नाही. फक्त उचला, उपटू नका. उपटलेला केस पुन्हा उगवताना आतच शिरू शकतो. आणि जो दिसत नाही तो कातडी उकरून शोधू नका.

औषधांत रात्री ०.१ टक्के ॲडापलीन आणि पुळ्यांवर २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांचा उपयोग होतो. डॉक्टरांना विचारून सुरू करा, दोन्हींनी सुरुवातीला कातडी कोरडी पडते. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेलचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, जुना पांढरा अभ्रा वापरा. कायमचा मार्ग हवा असेल तर लेसरने केस विरळ करता येतात. आपल्या रंगाच्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित समजला जातो. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. हे पार्लरमध्ये नव्हे, त्वचारोगतज्ज्ञांकडेच करून घ्या.

पोलीस भरतीतून प्रशिक्षणाला गेलेली मुलं, सैन्यातले जवान, तोंडावर घट्ट मास्क बसवावा लागणारे अग्निशमन दलाचे किंवा रासायनिक कारखान्यांतले कामगार, यांना दाढी सोडून देता येत नाही. त्यांनी लपवून सोसू नये. युनिटच्या डॉक्टरांना दाखवा, लेखी सूट किंवा ट्रिमर वापरायची परवानगी मागा. हा वैद्यकीय त्रास आहे आणि त्याची नोंद होऊ शकते.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. मेडिकलमध्ये जाऊन "दाढीच्या पुळ्यांसाठी काहीतरी द्या" म्हटलं की स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेलं मलम हातात पडू शकतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून ते लागू पडलं असं वाटतं. मग ते महिनोन्‌महिने लावलं जातं. चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, आणि मलम थांबवलं की दुप्पट आग होते. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ कित्येक वर्षं याविरुद्ध बोलत आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत टाकली. तरी मित्राच्या घरातली अर्धी ट्यूब हा त्यांचा मार्ग उघडाच आहे. चेहऱ्यावर स्टिरॉइड डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस, तेवढंच.

दाढीतला नायटा अशाच मलमाने झाकला जातो आणि आत पसरतो. गोल चट्टा, कडेला खपल्या, खाज, आणि चिमटीत धरल्यावर सहज निघून येणारे केस, असं असेल तर ब्लेडला दोष देऊ नका. गोठ्यात, जनावरांत काम करणाऱ्यांना तो जनावरांकडूनही होतो. त्याचं औषध वेगळं आणि कित्येक आठवड्यांचं असतं.

डॉक्टरांकडे कधी

पुळ्यांत पू वाढतोय, सूज पसरतेय, ताप आहे, किंवा दाढी बंद करून चार आठवडे झाले तरी उतार नाही, तर घरचे उपाय थांबवा. नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपासचं केसतूड कधीही दाबू नका, त्या भागातला संसर्ग आत पसरण्याचा धोका असतो. केसतूड पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या, घरात मधुमेह असेल तर नक्कीच. गळ्यावर कडक, वाढत जाणारी गाठ तयार होत असेल तर लवकर दाखवा, जुन्या व्रणांवर अशी वाढ काहींच्या अंगात असते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर दाढीआधीच डॉक्टरांना विचारा, त्या काळात त्वचा फार कोरडी आणि हळवी झालेली असते.

जाताना दोन-तीन दिवस दाढी करू नका, म्हणजे डॉक्टरांना केसांची दिशा आणि आत वळलेले केस दिसतील. चेहऱ्यावर क्रीम, पावडर काही लावू नका. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झाल्या असतील तरी, पिशवीत घालून सोबत न्या.